चित्र भिंतीवर लावण्याआधी आणि विकण्याआधी

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

तुझं रंकाळ्याचं पाच बाय चार फुटांचं ऑइलचं चित्र तू नव्या हॉलमध्ये लावणार आहेस, हे आईकडून कळलं. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी त्याची किंमत विचारली आणि तू "बघू नंतर" म्हणून विषय टाळलास, हेही कळलं. फोनवर हे नीट बोलणं होत नाही, म्हणून लिहितोय. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चित्रांना फ्रेमा केल्या, आता घरच्या चित्राबद्दल गप्प कसा बसू?

आधी भिंत. पश्चिमेची बाहेरची भिंत नको. पुण्यातही पावसाची झड तिकडूनच येते. ओल आत उतरते आणि कॅनव्हासला मागून बुरशी धरते, ती पुढे दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. आतली भिंत घे. फ्रेमच्या खालच्या दोन्ही कोपऱ्यांना मागून बुचाचे तुकडे चिकटव, म्हणजे मागे हवा खेळती राहील. नव्या इमारतींतल्या हलक्या ब्लॉकच्या भिंतीत साधा खिळा टिकत नाही. ड्रिल करून लांब प्लग घालायला लाव आणि हुक दोन, एकावर भरवसा नको. चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण पाच फुटांवर यावा. सोफ्याच्या वर लावलंस तर सोफ्याची पाठ आणि फ्रेम यांत सहा ते आठ इंच पुरे. लोक फार उंच लावतात आणि मग मान वर करून बघत बसतात. ऑइलवर काच बसवू नकोस, कुणी कितीही सांगितलं तरी. धूळ मऊ ब्रशने निघते. आणि व्हार्निशची घाई नको, रंग आतून वाळायला सहा महिने तरी जाऊ देत.

आता किमतीचं. तुला आकडा सांगायला संकोच वाटतो, कारण समोरच्याच्या मनात छापील चित्राचा भाव असतो. राजा रविवर्मांचा छापखाना 1894 मध्ये मुंबईत सुरू झाला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. त्या छापांमुळे लक्ष्मी-सरस्वती साध्या घरांच्या भिंतींवर आल्या आणि आमच्या धंद्याचंही त्यावर पोट भरलं. मला त्याचं मोल आहेच. पण तेव्हापासून आपल्याकडे भिंतीवरचं चित्र म्हणजे छापील आणि स्वस्त, हे डोक्यात बसलंय. काकूंना तुझ्या चित्राचा भाव माहीत असण्याचं कारणच नाही. तो तूच सांगायला हवास, आणि मान खाली न घालता.

बरेच चित्रकार चौरस इंचावर दर धरतात, तू तसंच कर. तुझं चित्र 2880 चौरस इंच भरतं. इंचाला 12 रुपये धरले तरी 34,560 होतात. फ्रेम आणि पोचवण्याचा खर्च वेगळा लाव. दर काय ठेवायचा ते तू ठरव, पण ठरला की तो सगळ्यांना एकच. मामाला कमी, अनोळखी माणसाला जास्त, असं करू नकोस. उद्या गॅलरीत लावलंस तर विक्रीचा तिसरा हिस्सा, कधी निम्माही त्यांना द्यावा लागतो. म्हणून घरून विकतानाही भाव पाडायचा नाही, नाहीतर गॅलरीवाला तुझं चित्र पुन्हा घेणार नाही. "सोफ्याला मॅच होईल असा निळा टाकून द्याल का?" असं विचारणारे भेटतील. त्यांना नम्रपणे नाही म्हण.

चित्र देण्याआधी चांगला फोटो काढून ठेव. मागे नाव, माप, माध्यम, वर्ष आणि सही. पावती दे. आणि एक गोष्ट नीट लक्षात घे: 1957 च्या कायद्यानुसार चित्र विकलं तरी त्याचा कॉपीराइट तुझ्याकडेच राहतो, तो तू लेखी दिलास तरच जातो. पण कुणी पैसे देऊन "आमच्यासाठी काढून द्या" म्हणालं आणि वेगळं काही ठरलेलं नसेल, तर कॉपीराइट त्यांचा होतो. उद्या ते त्याची कॅलेंडरं छापतील आणि तुला काही बोलता येणार नाही. म्हणून ऑर्डरचं काम घेतलंस की आधी एका कागदावर दोन ओळी लिहून दोघांच्या सह्या घे. ओळखीचे असले तरी घे.

मनू, हे चित्र मला फार आवडलंय. घाटाच्या पायऱ्यांवरचा तो ओला करडा रंग मी इतकी चित्रं हाताळली तरी दुसऱ्या कुणाचा पाहिला नाही. काकूंना ते द्यायचं की आणखी काही दिवस स्वतःच्याच डोळ्यांसमोर ठेवायचं, हे तुझं तू बघ. पण किंमत त्यांना या आठवड्यात सांगून टाक.

फ्रेम मी सागवानाची करतोय, त्यासाठी कॅनव्हासच्या दोन्ही कर्णांची मापं पाठव. दोन्ही सारखी आली नाहीत तर कॅनव्हासमागची चौकट गुण्यात, म्हणजे काटकोनात, नाही असं समज. तिच्या कोपऱ्यातल्या पाचरी तू ठोकू नकोस, मी आलो की बघतो.

तुझे
बाबा