स्टँडसमोरच्या तोफेसाठी मदत पाहिजे, आणि नावं पण

नमस्कार मंडळी. गावात असलेले, कोल्हापुरात रूम करून राहिलेले, पुण्या-मुंबईला नोकरीला गेलेले, सगळ्यांनीच वाचा आणि पुढं पाठवा.

एसटी स्टँडसमोरची फायबरची तोफ आता बघवत नाही. उन्हानं रंगाची पावडर होऊन हाताला लागतीय, एक चाक फुटून आतली जाळी बाहेर आलीय, नळीत गुटख्याच्या पुड्या, आणि वर्षातले निम्मे दिवस तिला कुणाच्या तरी वाढदिवसाचं डिजिटल बांधलेलं असतं. शाळेची पोरं विचारतात ही कारगिलची काय हो, आणि आपल्यातलीच मोठी माणसं बिनधास्त हो म्हणून सांगतात. शहीद स्मारक म्हणायचं आणि त्याच्यावर उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यांची नावं, शहीद एक पण नाही, हे काय बरोबर वाटत नाही राव.

म्हणून आपल्या आजी-माजी सैनिक संघटनेनं नवीन तोफ करायचं ठरवलंय. प्रतिकृतीच, पण लोखंडाची. वापरातून काढलेल्या खऱ्या तोफा लष्कर शोभेसाठी देतं हे खरंय, पण त्याचा पत्रव्यवहार आणि मंजुरी होईपर्यंत ही फायबरची काय टिकत नाही. आणि खरं सांगायचं तर ज्या जिल्ह्यात शिरोली, गोकुळ शिरगाव आणि उद्यमनगर आहे त्या जिल्ह्यानं तोफेची चाकं बाहेरनं मागवायची म्हणजे लाजच की.

तरुण पोरांचं म्हणणं बोफोर्सच पाहिजे. कारगिलात 1999 ला तिनं काम केलं, मान्य, पण 155 एमएमची ती तोफ, नुसती नळीच सहा मीटरची, आपल्या चौकात ऊसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या घेऊन वळताना आधीच सगळ्यांचा जीव वर-खाली होतो. त्यामुळं 25 पौंडर फायनल केली. दुसऱ्या महायुद्धात होती, 1965 ला होती, 1971 ला पण होती, म्हणजे आपल्या गावच्या दोन पिढ्यांनी बघितलेली. सहा माणसांची तोफ, गोळा 25 पौंडाचा म्हणजे अकरा किलोच्या वर, मारा साधारण 12 किलोमीटर. खाली गोल चकती असते, त्याच्यावर अख्खी तोफ गरकन फिरते, आमच्यातले एक माजी सुभेदार ही तोफ चालवलेले आहेत ते सांगायला लागले की चहा गार होतो. ती चकती पण करायची असं त्यांनी ठणकावून सांगितलंय.

नळी पाइपची टर्निंग करून, चाकं कास्टिंगची, पुढची ढाल जाड प्लेटची. नळीचं तोंड आतनं वेल्डिंग मारून बंद, आणि खाली पाणी जायला भोक, नाहीतर आपल्याकडच्या पावसात दोन वर्षात आतनं गंजून जाईल. चौथऱ्यावर ठळक लिहायचं की ही प्रतिकृती आहे. फाउंड्रीवाल्या भावांनो, पॅटर्न आणि मोल्डिंगची मजुरी तुम्ही सोडलीत तर निम्मं ओझं उतरतंय. घरात पडलेलं बिडाचं भंगार, जुन्या इंजिनचे ब्लॉक, काय असेल ते द्या, वजन करून पावती मिळेल.

आता पैशापेक्षा अवघड काम. चावडीच्या भिंतीत संगमरवरी पाटी आहे ना इंग्रजीतली, पश्चिम महाराष्ट्रात बऱ्याच गावांत तसली पाटी आहे, त्यात एवढंच लिहिलंय की या गावातनं 1914 ते 1919 च्या महायुद्धाला इतके जण गेले, त्यातल्या इतक्यांनी प्राण दिले. नुसता आकडा. तिकडं इराकात बसऱ्याला त्या युद्धाचं स्मारक आहे, त्याच्यावर पण तीच तऱ्हा, इंग्रज शिपायाचं नाव आहे, आपल्या सुभेदार-जमादारांपर्यंत नावं आहेत, त्याखालचे आपले शिपाई मात्र पलटणीप्रमाणं मोजून टाकलेत. 1916 ला इराकातलं कुत-अल-अमारा गाव तुर्कांच्या हातात पडलं तेव्हा 103, 110 आणि 117 नंबरच्या मराठा पलटणी आत वेढ्यात अडकलेल्या होत्या, आपल्या भागातली किती घरं त्यात बसली असतील विचार करा. आपल्या चौथऱ्यावर आकडा नको, नावं पाहिजेत, त्या युद्धापासून आजपर्यंत शहीद झालेल्या सगळ्यांची.

तर घरातल्या ट्रंका उघडा. डिस्चार्ज बुक, पेन्शन बुक, पणजोबांचा फोटो, आणि पदक असेल तर त्याची कड बघा, बऱ्याच पदकांच्या कडेवर बारीक अक्षरात नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. कृपा करून चिंच लावून घासू नका, नाव झिजतंय. पदक आम्हाला द्यायचं नाही, फक्त दाखवायचं, फोटो काढून तिथल्या तिथं परत. ज्यांच्याकडं कागद काहीच नाही पण आजीच्या तोंडून ऐकलंय त्यांनी पण या, लिहून घेतो, खात्री झाल्याशिवाय दगडावर मात्र चढवणार नाही.

पैशाचं म्हणाल तर कोटेशन ग्रामपंचायतीच्या बोर्डावर लावलंय, कुणीपण वाचावं. दूध बिलातनं कपात चालेल का हे संस्थेला विचारलंय, ते तयार आहेत, पण सही तुमची पाहिजे, सक्ती नाही. दहा रुपये दिले तरी पावती, आणि देणगीदारांची नावं चौथऱ्यावर येणार नाहीत हे आत्ताच सांगतो, कितीही मोठा आकडा असला तरी. त्यांची यादी ग्रामपंचायतीत लागेल.

गणपती झाले की पॅटर्नचं काम सुरू, रंग दिवाळीनंतर, आणि 16 डिसेंबरला विजय दिवसाला तोफ बसवायची. दर रविवारी सकाळी मारुतीच्या देवळात आम्ही बसतोय. घरोघरी वर्गणी मागायला कुणालाही पाठवलेलं नाही, कोण आलंच तर पैसे देऊ नका.