सांगायला येणारे, विचारायला येणारे आणि आमच्या वाड्या

प्रति,
माननीय संपादक,

विषय: कोकणातील वाडी-वस्त्यांमधील धर्मप्रसार आणि सामाजिक सर्वेक्षणे

महोदय,

कोकणातल्या वाड्यांमध्ये हल्ली दोन तऱ्हेची माणसे दारात येतात. काही सांगायला येतात: सप्ताहाचे आमंत्रण देणारे वारकरी, सत्संगाचे साधक, प्रार्थनेला बोलावणारे ख्रिस्ती कार्यकर्ते, इस्लामची शिकवण सांगत मोहल्ल्यात फिरणारी तबलिगची जमात, वर्षावासातल्या प्रवचनांची माहिती देणारे बौद्ध उपासक. काही विचारायला येतात: समाजकार्याचे विद्यार्थी, संस्थांचे सर्वेक्षक, मोबाईलवर रकाने भरणारी तरुण मुले. यांपैकी कोणाचेही येणे मला गैर वाटत नाही. आपल्या धर्माविषयी दुसऱ्याला सांगण्याचा अधिकार राज्यघटनेच्या 25 व्या अनुच्छेदात आहे आणि वस्ती समजून घेतल्याशिवाय तिच्यासाठी योजना आखू नये, हेही खरेच आहे. मात्र अलीकडे सांगायला येणाऱ्यांच्या हातात प्रश्नावली दिसू लागली आहे. घरात व्यसन कोणाला, आजारी कोण, मुलगा मुंबईहून पैसे पाठवतो का, एवढे सगळे लिहून घेतल्यावर मग आमंत्रण पुढे केले जाते. उलट विचारायला येणारे एखाद्या भजनी मंडळाच्या बुवांना किंवा जमातीच्या ज्येष्ठांना बरोबर घेतात, आणि मग घरातला माणूस सर्वेक्षकाला नव्हे तर बुवांना रुचेल असे उत्तर देतो. ही सरमिसळ थांबावी आणि दोघांनी एकमेकांकडून जे शिकायचे ते उघडपणे शिकावे, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

कोकणात गाव म्हणजे वाड्या. महसुली नाव एकच असते, पण त्या नावाखाली खाडीच्या काठाला खारवीवाडा किंवा मोहल्ला, सड्याच्या (कातळी माळाच्या) बाजूला कुणबीवाडी, पऱ्ह्यापलीकडे (ओढ्यापलीकडे) बौद्धवाडी, देवळापाशी गुरववाडी आणि नारळी-पोफळीच्या आगरांना लागून आळी, अशी दोन-तीन मैलांवर विखुरलेली वस्ती असते. एप्रिल संपता संपता सड्यावरची विहीर तळ गाठते तेव्हा आगरातला पंप चालूच असतो. अशा गावाची पाण्याची सरासरी काढली, तर ती कोणत्याही एका वाडीला लागू पडत नाही. रस्ता, शाळेचे अंतर, डॉक्टर, मोबाईलची रेंज, सगळ्यांचे तसेच आहे. तरीही बहुतेक पाहण्यांच्या फॉर्मवर गावाच्या नावासाठी जागा असते, वाडीसाठी नसते.

त्यात आमच्याकडे माणसे मोजणेच अवघड. 2001 साली रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या 16,96,777 होती, ती 2011 मध्ये 16,15,069 झाली. सिंधुदुर्गाचीही 8,68,825 वरून 8,49,651 वर आली. राज्याची लोकसंख्या वाढत असताना या दोन जिल्ह्यांची घटली. रत्नागिरीत 2011 साली दर हजार पुरुषांमागे 1,122 स्त्रिया होत्या. बाहेरचा अभ्यासक हा आकडा पाहून कधी कधी आमच्या पुढारलेपणाचे कौतुक करतो, पण त्यात मुंबईला आणि आखातात गेलेल्या पुरुषांची गैरहजेरी दडलेली आहे, हे इथल्या कोणालाही सांगावे लागत नाही. कुलूप लागलेले घर हे मात्र खरे कोडे आहे. ते कायमचे बंद आहे, गणपतीला उघडते, मे महिन्यात उघडते, की भावकीतल्या वादामुळे वर्षानुवर्षे तसेच पडून आहे, हे परक्या माणसाला दारातून कळू शकत नाही. आशाताईंकडे बाळंतपणांची आणि लसीकरणाची नोंद असते, बंद घराची नसते.

ही माहिती असते ती धर्माच्या निमित्ताने घरोघर जाणाऱ्यांकडे. शिमग्याचेच पाहा. ग्रामदेवतेची पालखी सहाणेवरून, म्हणजे तिच्या ठरलेल्या चौथऱ्यावरून, उठली की कोणत्या दिवशी कोणती वाडी, पहिला मान कोणाचा, ओटी कुठे भरायची, मुक्काम कुठे, हे सारे ठरलेले असते. पालखीला खांदा देणाऱ्यांना आणि बरोबरच्या गुरवांना त्या फेरीत जे कळते, ते कोणत्याही फॉर्ममध्ये मावणार नाही. कोणते घर केवळ पालखीपुरते उघडले, कोणत्या दोन भावांनी यंदा ओटी वेगवेगळी भरली, कोणत्या पडवीत म्हातारी एकटीच उभी होती, कोणाचा मुलगा पहिल्यांदाच आला नाही, याची वाच्यता न होता नोंद होत असते. गुहागर-चिपळूणकडे नमन-खेळ्यांची लोककलेची पथके गावोगाव फिरतात, त्यांनाही कोणते गाव ओस पडले आणि कोणते वसले हे नेमके ठाऊक असते. पालखीची वाट म्हणजे गावाचा नकाशाच, पण तो गावकीने, म्हणजे मानकऱ्यांच्या गावव्यवस्थेने, काढलेला नकाशा आहे, हे विसरून चालणार नाही. मानावरून होणारे वाद काही ठिकाणी पोलीस बंदोबस्तापर्यंत जातात. 1956 च्या धर्मांतरानंतर अनेक बौद्धवाड्यांनी गावकीने परंपरेने त्यांच्यावर लादलेली कामे सोडून दिली, आणि ते योग्यच झाले. त्यामुळे केवळ पालखीमागे फिरणाऱ्याला ती वाडी दिसणारच नाही. तिची हकीकत विहाराच्या वर्गणीच्या वहीत आणि गाव व मुंबई अशा दोन्ही शाखांच्या बैठकांत सापडते. मोहल्ल्यातले आखातात कोण आहे आणि कोण परतला, हे मोहल्ल्याच्या जमातीला, म्हणजे तिथल्या मुस्लिम पंचमंडळींना, माहीत असते. वेंगुर्ला-सावंतवाडीकडच्या चर्चमध्ये बाप्तिस्मा, लग्न आणि मृत्यू यांची नोंदवही ठेवलेली असते. एका वाडीचे खरे चित्र हवे असेल, तर यांतल्या एकाच वहीवर विसंबून भागत नाही.

धर्मप्रसार आणि समाजाचा अभ्यास यांचे नाते आजचे नाही. स्कॉटिश मिशनरी 1823 साली बाणकोटला आले, पुढे हर्णे परिसरातही त्यांचे काम चालले आणि गावोगाव शाळा निघाल्या. बोलायचे असेल तर आधी ऐकावे लागते, हे त्यांना लवकर उमगले असावे, कारण त्या पिढीतल्या मिशनऱ्यांनी मराठी व्याकरणाच्या आणि कोशाच्या कामात मनापासून भाग घेतला. अलिबाग, रेवदंडा, नवगाव या पट्ट्यातल्या बेने इस्राएलांचे, म्हणजे कोकणातल्या मराठीभाषक यहुद्यांचे, उदाहरण मला अधिक बोलके वाटते. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून शेजारी त्यांना शनवार तेली म्हणत, आणि किहीमचे किहीमकर, नवगावचे नवगावकर अशी गावांवरून आलेली त्यांची आडनावे आजही तो पट्टा डोळ्यांसमोर उभा करतात. मुंबईत काम करणारे मिशनरी जॉन विल्सन यांनी 1832 साली त्यांच्यासाठी मराठीतून हिब्रू व्याकरण काढले. हेतू ख्रिस्ती धर्माकडे वळवण्याचा होता. बेने इस्राएलांनी व्याकरण घेतले, शाळा घेतल्या, हिब्रू शिकले आणि बहुतांशी यहुदीच राहिले, किंबहुना आपल्या धर्मग्रंथाच्या अधिक जवळ गेले. अलिबागच्या इस्राएल आळीतले सिनेगॉग आजही उभे आहे. समोरच्याचा हेतू कळला, तर वस्ती काय घ्यायचे आणि काय नाकारायचे ते आपले आपण ठरवते, असे मला या इतिहासातून दिसते.

मुंबईच्या नागपाड्यात तर धर्मकार्यातूनच समाजशास्त्राची शाळा निघाली. अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅन्शार्ट यांनी 1920 च्या दशकात तिथे नेबरहूड हाऊस चालवायला घेतले. दवाखाना, खेळ, व्याख्याने असे वस्तीचे केंद्र असलेल्या त्याच जागेत 1936 साली सर दोराबजी टाटा यांच्या नावाची समाजकार्याची पदव्युत्तर शाळा सुरू झाली. तिचे पहिले संचालक मॅन्शार्टच होते, आणि आजची टाटा समाजविज्ञान संस्था ती हीच. तिथून शिकून बाहेर पडणाऱ्यांना धर्मोपदेश करायचा नव्हता, वस्ती समजून घ्यायची होती. सांगणे आणि विचारणे यांची फारकत अशा संस्थेच्या पायातच करता येते, याचे ते उदाहरण आहे.

विचारणारा तटस्थ असला तरी तो कोणाच्या तोंडून ऐकतो, हा प्रश्न उरतोच. नाशिकचे जिल्हाधिकारी जॅक्सन यांनी लोकसमजुती आणि चालीरीतींवर प्रश्नावल्या काढून शाळामास्तरांकडून उत्तरे मागवली होती. 1909 मध्ये त्यांचा वध झाल्यावर दुसरे इंग्रज अधिकारी एन्थोव्हन यांनी ती सामग्री संपादित केली आणि कोकणाचा भाग 1915 मध्ये छापून आला. ग्रामदेवता, भुतेखेते, पर्जन्याच्या समजुती यांची आमच्या गावागावांतली माहिती त्यात आहे आणि ती मोलाची आहे. पण ती आहे मास्तरांनी दिलेली. मास्तर ज्या आळीत राहत, तिथून दिसणारे गाव त्यात आले. पऱ्ह्यापलीकडच्या बाईला कोणी विचारले असते, तर तिने त्याच देवीविषयी कदाचित निराळेच सांगितले असते. आजचा सर्वेक्षक सरपंचांच्या ओटीवर चहा घेऊन फॉर्म भरतो तेव्हा शंभर वर्षांनंतरही फारसे काही बदललेले नसते.

विचारण्याचा हेतू लपवला की नुकसान कोणाचे होते, हे धर्म आणि जात यांच्या रकान्यांवरून समजेल. बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलती केंद्राकडून 1990 मध्ये मिळाल्या. त्याआधीची तीन दशके धर्म एक सांगावा की दुसरा, या विवंचनेत ज्यांनी काढली, त्यांच्या घरातली वडीलधारी माणसे आजही या रकान्यापाशी थबकतात आणि आधी मुलाला फोन लावतात. जनगणनेत दिलेल्या उत्तराला 1948 च्या कायद्याचे संरक्षण आहे, ती नोंद कोणाला पाहायला मिळत नाही. दारात येणाऱ्या खासगी प्रश्नावलीला असे कवच नाही. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी 2023 साली केंद्राने कायदा केला, पण तो संगणकीय स्वरूपातल्या माहितीपुरता आहे. वहीत लिहून वहीतच राहिलेली माहिती त्याच्या कक्षेत येत नाही. मग घरातल्या दारूची, कर्जाची, मुलीच्या मोडलेल्या लग्नाची हकीकत लिहून नेणाऱ्याला कोणी काय विचारायचे? ती हकीकत पुढे धर्मांतराच्या किंवा ‘घरवापसी’च्या यादीत गेली नाही, असे म्हणायला वाडीकडे आधार काय?

म्हणून माझे म्हणणे असे की, धर्मासाठी येणाऱ्याने धर्माचेच बोलावे आणि अभ्यासासाठी येणाऱ्याने पहिल्याच वाक्यात संस्थेचे नाव, हेतू आणि माहिती कुठे जाणार ते सांगावे. अभ्यासकांना मंदिर, मशीद, चर्च, विहार यांतल्या जाणकारांची मदत जरूर व्हावी, पण ती वाट आणि वेळ दाखवण्यापुरती. प्रश्न विचारताना ती माणसे ओटीवर नसावीत. बायकांशी बायकांनी बोलावे, आणि शक्यतो सकाळच्या कामांतून त्या मोकळ्या झाल्यावर. लावणीच्या दिवसांत कोणाच्या दारात जाऊच नये. पाहणी वाडीवार व्हावी. राज्य सरकारने डिसेंबर 2020 मध्ये जातिवाचक वस्त्यांची नावे बदलण्याचा निर्णय घेतला, तो स्वागतार्ह आहे, पण नवे नाव लागल्यावर जुन्या वाडीची आधीची आकडेवारी हरवू नये यासाठी ग्रामपंचायतीने दोन्ही नावांची नोंद ठेवायला हवी. नाहीतर कोणत्या वस्तीला रस्ता शेवटी मिळाला, हे पुढे कधी सिद्धच करता येणार नाही. आणि जे लिहून नेले, त्याचा निष्कर्ष छापण्याआधी वाडीच्या बैठकीत मराठीतून वाचून दाखवावा. आजवर एवढे फॉर्म भरून गेले, त्यांतला एकही परत वाचून दाखवायला आल्याचे माझ्या तरी माहितीत नाही.

2027 च्या जनगणनेत माणसे मोजण्याचे काम फेब्रुवारी महिन्यात, म्हणजे शिमग्याच्या आधी ठेवलेले आहे. चाकरमानी त्या वेळी मुंबईत असतील आणि तिथे मोजले जातील, हे नियमाला धरूनच आहे. पण त्यांच्या बंद घरांचे काय, हे आपल्यालाच नोंदवावे लागेल. एक मेच्या ग्रामसभेला निम्मी वाडी मुंबईहून आलेली असते. त्या दिवशी प्रत्येक वाडीने आपल्या घरांची यादी करावी, कोणते घर कधी उघडते, एकटे कोण राहते, पाणी कुठून येते एवढेच लिहावे, धर्म आणि जात लिहू नये, आणि ती यादी ग्रामपंचायतीच्या दप्तरात ठेवावी. जिल्हा परिषदांनी यासाठी एक साधा नमुना तयार करून एप्रिल संपण्यापूर्वी ग्रामपंचायतींना पाठवावा, ही विनंती आपल्या दैनिकामार्फत करीत आहे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक
गुहागर तालुका, जि. रत्नागिरी