‘थकल्यावर या, मग बघू’

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पेपर उलटताना बहुतेक वाचक जाहीर नोटिसांचे पान सोडून देतात. मी हल्ली ते आधी वाचतो. बँकांच्या ताबा नोटिसा, सोनेतारणाचे लिलाव, पतसंस्थांच्या वसुली अधिकाऱ्यांची जप्ती. वर कर्जदाराचे नाव, खाली जामीनदारांची नावे, शेजारी येणे रक्कम. यातले सगळेच काही बुडवे नसतात. बरेचजण त्याआधी कधीतरी काउंटरवर जाऊन ‘साहेब, जरा अडचण आहे’ म्हणालेले असतात. तिथे त्यांना काय उत्तर मिळते, त्याबद्दल हे पत्र आहे.

मी सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत १९ वर्षे हिशेब विभागात होतो. ऑर्डरी घटल्या तशी आधी तिसरी पाळी बंद झाली, मग दुसरी. शेवटी आमच्या विभागात तिघांचे काम एकाने करायचे ठरले आणि तो एक मी नव्हतो. हातात ३४ हजार पडत होते. आता मार्केट यार्डात एका अडत दुकानात हळदीच्या सौद्यांचे हिशेब लिहितो, त्याचे १४ हजार मिळतात. पत्नी ब्लाऊज शिवते, पिको-फॉल करते, तिचे सहा हजार. घरात वीस हजार येतात.

हप्ते असे होते: घराचे कर्ज ११,२००, मुलीच्या नर्सिंगच्या फीसाठी पतसंस्थेकडून काढलेल्या कर्जाचे ५,१००, पत्नीच्या गटकर्जाचे २,३००, मोबाइलचे १,५००. बेरीज २०,१००. म्हणजे चूल पेटायच्या आधीच घर शंभर रुपयांनी तुटीत.

सवयीप्रमाणे पगारपत्रकासारखे रकाने आखून बसलो. कुणाचे, मुद्दल किती, व्याज किती टक्के, तारीख कोणती. जास्त व्याजाचे आधी फेडावे, हे पुस्तकी गणित मलाही येते. पत्नीने वहीकडे बघून विचारले, “यात घरी कोण येतो, तो रकाना कुठाय?” तो घातला आणि क्रमच बदलला. गटकर्ज पहिले. त्यात माझ्या बायकोचा हप्ता चुकला की गल्लीतल्या बाकीच्या बायकांना मीटिंगमधून उठू देत नाहीत. त्या पदरचे भरतात आणि मग नळावर तोंड फिरवतात. (या कर्जाच्या फॉर्मवर आमचे वार्षिक उत्पन्न तीन लाखांच्या आत दाखवले होते, कारण मायक्रोफायनान्सची मर्यादा तीच. आम्ही सांगितला होता तो आकडा वेगळा. एजंटाने परस्पर तसे लिहिले.) त्यानंतर मोबाइल. हप्ता दीड हजाराचा, पण तो परत गेला की ५०० रुपये दंड, शिवाय आपली बँक रिटर्न चार्ज कापते तो वेगळाच.

पैसे आणायचे कुठून? माझे म्हणणे होते, बोरमाळ तारण ठेवू. पत्नी म्हणाली, “गहाण नको, मोड करा. गहाण म्हणजे परत एक तारीख.” आदल्या रात्री तिने ती रिठ्याच्या पाण्यात धुतली. सराफ कट्ट्यावर गेल्यावर सराफाने एक मणी दाबून आत भरलेली लाख किती असेल याचा अंदाज घेतला, मग माळ ओवलेली दोरी कापली, मणी तापवून लाख काढली आणि उरलेले सोने काट्यावर ठेवले. घरून निघताना जे वजन आमच्या डोक्यात होते त्यातले बरेचसे लाखेचेच होते. तरी भाव चढा होता म्हणून गटकर्ज आणि मोबाइल दोन्ही संपले, आणि पतसंस्थेचे काही महिन्यांचे हप्ते निघाले. तिथेच चहाच्या गाड्यावर एकाने ‘शेकडा दहाने लगेच देतो’ म्हणून खांद्यावर हात ठेवला होता. शेकडा दहा महिन्याला, म्हणजे वर्षाला १२० टक्के. महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याखाली परवानाधारक सावकारालासुद्धा बिगरशेती विनातारण कर्जावर १८ टक्क्यांपुढे जाता येत नाही, आणि विनापरवाना सावकारीला पाच वर्षांपर्यंत कैद आहे. तक्रार सहकार खात्याच्या सहाय्यक निबंधकांकडे करायची असते. हे सगळे माहीत असूनही त्या माणसाचे लगेच मिळणारे पैसे त्या क्षणी गोड वाटतात, हेही खरे.

घरकर्जाबद्दल एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण कामावरून कमी झालेल्या अनेकांना ती माहीत नसते. ग्रॅच्युइटी कायद्याने ३० दिवसांत द्यायची असते. मला ती तुकड्या-तुकड्यांनी मिळाली, तो वेगळा विषय. त्यातले दीड लाख मी घरकर्जात भरले. बदलत्या व्याजदराच्या घरकर्जावर असे आगाऊ पैसे भरायला बँक दंड लावू शकत नाही. पण आपण काही बोललो नाही तर बँक सहसा हप्ता तेवढाच ठेवते आणि मुदत कमी करते. पगार चालू असलेल्याला ते फायद्याचे. आमच्यासारख्याने मात्र ‘मुदत तीच ठेवा, हप्ता कमी करा’ असे लेखी द्यायचे असते. मी दिले. ११,२०० चा हप्ता ९,१५० वर आला. त्या शाखेतल्या बाईंनी तो अर्ज कसा लिहायचा हे स्वतः सांगितले, याबद्दल त्यांचे आभार मानले पाहिजेत.

आता पतसंस्था. सांगली-साताऱ्याकडच्या माणसाला पतसंस्था म्हणजे काय हे सांगायला नको. पिग्मीवाला रोज दारात, चेअरमन लग्नात अक्षता टाकायला, कर्ज चार दिवसांत. बँक जिथे तीन वर्षांची आयकर विवरणपत्रे मागते तिथे पतसंस्था दोन जामीनदार मागते. मीही तशीच माणसे दिली: कारखान्यातलेच दोघे. तिघांचेही पगार एकाच कारखान्यात, आणि तेही आता माझ्यासारखेच कमी झालेले. जामीनदारीच्या कागदावर ही शक्यता कुणी धरलेली नसते.

पुढच्या हप्त्याची तारीख यायच्या आधीच मी अर्ज घेऊन गेलो. माझे एक रुपयाही थकलेले नव्हते. अर्जात लिहिले होते: नोकरी गेल्याचे पत्र जोडले आहे, सहा महिने फक्त व्याज घ्यावे, मुद्दल पुढे ढकलावे, कर्जाची मुदत तेवढी वाढवावी. व्यवस्थापकांनी अर्ज पूर्ण वाचला, हे कबूल करतो. मग म्हणाले, “अहो, तुमचं खातं तर चालू आहे. चालू खात्याला काय करणार? थकल्यावर या, मग बघू.” त्यांच्या डोक्यामागे भिंतीवर फलक होता: थकीत कर्जदारांसाठी एकरकमी परतफेड योजना, व्याजात सवलत.

हेच माझे गाऱ्हाणे आहे. थकवणाऱ्यासाठी योजना आहे, फलक आहे, सवलत आहे. थकायच्या आधी येऊन सांगणाऱ्यासाठी साधा छापील अर्जसुद्धा नाही.

व्यवस्थापकांना मी खलनायक ठरवत नाही. मी हिशेबातला माणूस आहे. चालू खात्याची मुदत वाढवली की लेखापरीक्षक विचारतो, का वाढवली? थकीत दाबायला का? बँकांतही नियम असा की अडचणीतल्या कर्जाची पुनर्रचना केली की खाते एरवी अनुत्पादकच (म्हणजे थकीत, एनपीए) धरले जाते आणि त्यासाठी नफ्यातून पैसे बाजूला काढून तरतूद करावी लागते. म्हणून कुणीच त्या वाटेला जात नाही. पण ही वाट काढता येत नाही असे मात्र नाही. मार्च ते ऑगस्ट २०२० या काळात रिझर्व्ह बँकेने हप्ते थांबवायची मुभा दिली होती. त्यानंतर ऑगस्ट २०२० आणि मे २०२१ च्या परिपत्रकांनी, उत्पन्न घटलेल्या वैयक्तिक कर्जदाराची मुदत दोन वर्षांपर्यंत वाढवायला आणि तरीही खाते चालूच धरायला परवानगी दिली. कोरोनात नोकरी गेलेल्या माणसाला जे मिळू शकले, ते ऑर्डरी घटून नोकरी गेलेल्याला का मिळू नये? त्याच्या घरात काय वेगळे घडते?

दुसरे असे की रिझर्व्ह बँकेची छत्री पतसंस्थांवर नाही. बँक किंवा फायनान्स कंपनी असेल तर दंडावर पुन्हा व्याज चढवता येत नाही, हा नियम एप्रिल २०२४ पासून आहे. गटकर्जाच्या वसुलीला सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर येता किंवा फोन करता येत नाही. तक्रारीला ३० दिवसांत उत्तर आले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट दाद मागता येते, १४४४८ या क्रमांकावर माहिती मिळते. पतसंस्थेच्या कर्जदाराला यातले काही लागू नाही. त्याच्यासाठी सहकार खाते आणि महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याचे कलम १०१. त्या कलमाखाली वसुली दाखला मिळाला की महसुली थकबाकीसारखी वसुली होते, कर्जदाराकडून आणि जामीनदाराकडूनही. ज्याचा पगार चालू आहे त्या जामीनदाराच्या पगारातून कलम ४९ प्रमाणे कपात करणे सगळ्यात सोपे. हे मी ऐकून लिहीत नाही. १९ वर्षे कामगारांच्या पगारातून सोसायटीचे हप्ते मीच कापत होतो. दुसऱ्याच्या कर्जापोटी स्वतःचा पगार कापला गेलेला माणूस स्लिप हातात घेऊन माझ्या खिडकीशी यायचा आणि काहीच न बोलता रकमेवर बोट ठेवून उभा राहायचा. मी म्हणायचो, “संस्थेचं पत्र आहे, माझ्या हातात काही नाही.” ते खरेच होते.

म्हणून पुण्यातल्या सहकार आयुक्तांकडे मागणी आहे, आणि ती कर्जमाफीची नाही. ज्याचे खाते अर्ज देण्याच्या दिवशी चालू आहे आणि ज्याच्याकडे उत्पन्न घटल्याचा लेखी पुरावा आहे, त्याला ठरावीक काळ फक्त व्याज भरायची किंवा मुदत वाढवायची सोय द्यावी, आणि असे खाते थकीत न धरण्याची सूचना लेखापरीक्षकांना द्यावी. संस्थेचे व्याज कुठे जात नाही. अर्ज घेतला की आवक क्रमांक घालून पोच द्यावी, एवढे तरी आजपासून करता येईल. माझ्या अर्जावर शिक्का मारायलाही काउंटर तयार नव्हता. “तसा प्रकार आमच्यात नाही” म्हणाले. शेवटी तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवला. पावती वहीत डकवली आहे.

आज घराचे ९,१५० आणि पतसंस्थेचे ५,१०० वजा जाता ५,७५० उरतात, त्यात तिघे आणि नर्सिंगचे दुसरे वर्ष. मोडीचे पैसे संपेपर्यंत हप्ते वेळेवर जातील. त्यानंतरचे संस्थेने आताच ठरवलेले बरे.

मी संस्थेचा सभासदही आहे. कर्ज देतानाच शेअर्सचे पैसे कापून घेतलेत. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. लाभांशाची घोषणा झाली की निम्मी सभा जेवणाच्या रांगेत जाते आणि ‘अध्यक्षांच्या परवानगीने येणारे ऐनवेळचे विषय’ रिकाम्या खुर्च्यांसमोर संपतात, म्हणून मी माझा विषय आधीच लेखी देणार आहे. आपल्या वार्ताहरांनी जिल्ह्यातल्या दहा-वीस संस्थांना एवढेच विचारून छापावे: चालू खात्याच्या किती कर्जदारांनी यंदा सवलत मागितली, आणि कितींना दिली?

आपला,
एक सभासद, कुपवाड
(कृपया नाव छापू नये. जामीनदारांच्या घरी हा पेपर येतो.)