होडीत बसण्याआधी मुलांना तरंगायला शिकवा

महोदय,

काळाचौकीतल्या आमच्या मंडळाच्या पोरांनी यंदा मे महिन्याच्या सुरुवातीला चाळीतल्या ३६ मुलांना चार दिवसांच्या शिबिराला नेलं. पनवेलच्या पुढे, एका तळ्याकाठी. कायाक म्हणजे वल्ह्याची छोटी होडी चालवायची, पिंपं आणि बांबू बांधून तराफा करायचा, असा बेत होता. माझं पोळी-भाजी केंद्र आहे, म्हणून स्वयंपाक माझ्याकडे आला. माझा मुलगाही शिबिरात होता.

पहिल्याच दिवशी विचारलं, पोहता कुणाला येतं? सात हात वर झाले. शिवडीची खाडी आमच्या घरापासून पायी अर्ध्या तासावर आहे, आणि ३६ मुलांत सातच जण!

त्याच दुपारी नऊ वर्षांचा एक मुलगा कायाकमधून पाण्यात पडला. भाड्याने आणलेली सगळी लाइफ जॅकेटं मोठ्या माणसांच्या मापाची. पोर किरकोळ अंगाचं. जॅकेट तरंगलं, पण ते कानांपर्यंत वर सरकलं आणि पोराचं तोंड पाण्यात गेलं. प्रशिक्षक दोन हातांवर होता, त्याने लगेच उचललं. मुलाला काही झालं नाही, पण संध्याकाळभर तो माझ्या चुलीशी लसूण सोलत बसला. तळ्याकडे बघेना.

दुसऱ्या दिवशी त्या प्रशिक्षकाने होड्या काठावरच ठेवल्या. तो वेसाव्याचा, कोळ्यांच्या घरातला. मुलांना कमरेइतक्या पाण्यात उभं करून म्हणाला, छाती भरून श्वास घ्या, कान पाण्यात जाऊ देत, आभाळाकडे बघा. घाबरून डोकं उचललं की पाय खाली जातात, हे मी काठावरून पाहत होते. तो पाठीखाली तळवा धरायचा आणि एकेक बोट काढून घ्यायचा. मग जॅकेटं. खांद्याला धरून वर ओढायचं, हनुवटीवर आलं तर ते आपलं नाही. ज्यांना मापाचं मिळेना त्यांच्या जॅकेटला त्याने मांड्यांमधून पट्टा घेऊन बांधला. शेवटी मुद्दाम कायाक उलटवली. बाहेर निघा, होडी धरा, सोडू नका. आदल्या संध्याकाळी लसूण सोलणारा पोरगा पाण्यातून ओरडला, "काकू, बघा ना!" मी पोळपाट तसाच टाकून धावले.

वडोदऱ्याच्या हरणी तलावात १८ जानेवारी २०२४ रोजी शाळेच्या सहलीची बोट उलटून १२ विद्यार्थी आणि २ शिक्षिका गेल्या. बऱ्याच मुलांच्या अंगात जॅकेटच नव्हतं. त्याच वर्षी १८ डिसेंबरला घारापुरीला निघालेल्या बोटीचा अपघात आपल्या गेटवेसमोर झाला. त्यानंतर आमच्या चाळीतल्या दोन घरांनी मुलींना शिबिराला पाठवलंच नाही. त्यांची भीती मला कळते. पण पाण्यापासून लांब ठेवलेली मुलगी पाणी कधी शिकणार?

महापालिका उन्हाळ्यात दादर, चेंबूर, कांदिवलीसारख्या जलतरण तलावांवर पोहण्याचे २१ दिवसांचे वर्ग घेते. वर्ग चांगले आहेत, पण आमच्याकडची निम्मी मुलं परीक्षा संपली की कोकणात गावी जातात. त्यांना २१ दिवस कुठून मिळणार? म्हणून माझी विनंती अशी की एप्रिलच्या अखेरीस मंडळांच्या मुलांसाठी पाच दिवसांची एक तुकडी ठेवावी. पाठीवर तरंगणं, जॅकेट नीट घालणं, उलटलेल्या होडीला धरून राहणं, एवढंच शिकवावं. चार प्रकारचे हात मारता आले नाहीत तरी चालेल. आणि जॅकेटं भाड्याने देणाऱ्यांनी मुलांची मापं ठेवावीत. कोणत्या वजनासाठी आहे ते जॅकेटच्या आत छापलेलं असतं, तेवढं पालकांनीही वाचावं.

पुढच्या एप्रिलसाठी आमच्या मंडळाची यादी तयार आहे. या वेळी त्या दोन मुलींची नावंही आहेत. तलावाच्या काठावर लक्ष ठेवायला आम्ही चार आया रोज येऊ.

– एक आई, काळाचौकी, मुंबई