केप हॉर्नच्या आधी

चि. सई,

काल मी "शिडाच्या बोटीची ही शर्यत सोडून या बंदरात उतरलीस तरी कोणी नावं ठेवणार नाही" म्हणाले आणि तू फोन ठेवलास. आता तो विषय नाही. पत्रात नुसती खुशाली लिहायची असं ठरवून बसले आहे.

तुमची बोट कुठे आहे ते दाखवणारा ट्रॅकर बाबांनी उघडूनच ठेवलाय. बोट धक्क्याला बांधलेली आहे, तरी यांचं बघणं चालू. पॉइंट नेमो, म्हणजे जमिनीपासून सगळ्यांत दूरची समुद्रातली जागा, तिच्याजवळून जाताना तुम्हाला सगळ्यांत जवळची माणसं कधीकधी अवकाशस्थानकातली असतात म्हणे, साधारण 400 किलोमीटर वर! हे त्यांनी मला कौतुकानं सांगितलं. ते घोरत पडले, मी जागी.

मग मीही वाचत सुटले. 2018 च्या एका जगप्रदक्षिणेच्या शर्यतीत, दक्षिण अमेरिकेच्या टोकाच्या केप हॉर्नच्या पश्चिमेला सुमारे 1,400 सागरी मैलांवर एकजण पाण्यात गेला. चांगला मुरलेला खलाशी. पुढे जाऊन दोर आवरायचा म्हणून त्यानं टेदरचा, म्हणजे माणसाला बोटीशी बांधून ठेवणाऱ्या पट्ट्याचा, हुक काढला होता. नेमकी तेव्हाच बोट लाटेवरून घसरली, शीड या अंगाचं त्या अंगाला फिरलं आणि मुख्य शिडाच्या दोरांनी त्याला उडवलं. बोट मागे वळवून तासन्‌तास शोधलं, सापडला नाही. त्यानं काही वेडं धाडस केलं नव्हतं गं, कामच करत होता. तेवढ्यासाठी सांगते, एक हुक अडकवल्याशिवाय दुसरा काढायचा नाही. बोटं बधिर झाली, वॉचची पाळी संपत आली, कोणी पुढून ओरडलं, तरी नाही. अडकवलास की ओढून बघायचा. आणि केबिनमधून वर येताना पायरीवर असतानाच लावायचा, डेकवर आल्यावर नव्हे.

झालं माझं भाषण. रागावू नकोस. चार तास वर, चार तास खाली, तेही दुसऱ्यानं नुकत्याच सोडलेल्या ओल्या बंकवर, असं जगणाऱ्या मुलीला मी काय शिकवणार.

आजीच्या दुखण्यात रात्रीची पाळी तू मागून घ्यायचीस. दादाला तर हाकाच मारत बसावं लागे. पहाटे मी यायचे तेव्हा तू ताठ बसलेली, वहीत औषधाच्या वेळा लिहिलेल्या, शेवटी तुझी सही! त्यामुळे स्किपरनं रात्रीचं सुकाणू तुझ्याकडे दिलं याचं मला नवल वाटलं नाही. वरच्या मजल्यावर मात्र सांगून आले. बाबा म्हणतात, दोनदा.

पण दमलीस की तू कोणाला सांगत नाहीस. आजीच्या वेळीही तापात बसून होतीस, मला चौथ्या दिवशी कळलं. तिथं सांगत जा. दमलेला हात हुक लावल्यासारखा करतो आणि पुढे जातो.

बघ, पुन्हा तेच. बरं, एकच काम कर. टेदरचे हुक शेवटचे कधी तपासले ते स्किपरला विचार. 2017 मध्ये एकाचा हुक डेकवर अडकून वाकला आणि उघडला होता. विचारायला संकोच वाटला तर आईनं विचारलंय म्हण.

तुझी,
आई