उसना श्वास, उसना गळा

प्रिय विनायक,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या लघुपटातल्या सनईवाल्याचं काम सनई हातात न धरलेला नट करणार, हे वाचलं. घाबरू नकोस. त्याला शेजारी बसव आणि ‘तिल्लाना मोहनांबाळ’ लाव. तमिळ चित्रपट, 1968 चा. दिग्दर्शक ए. पी. नागराजन, संगीत के. व्ही. महादेवन. गोष्ट कोत्तमंगलम सुब्बूंची, ‘आनंद विकटन’ या तमिळ साप्ताहिकात क्रमशः आलेली. नायक षण्मुगसुंदरम नादस्वरम, म्हणजे दक्षिणेची लांब सनई, वाजवतो, नायिका मोहना नाचते, दोघांच्याही नाकावर राग. शिवाजी गणेशन आणि पद्मिनी. (‘शिवाजी’ हे नाव आपल्या महाराजांवरूनच बरं का. अण्णादुराईंच्या नाटकात त्याने महाराजांची भूमिका केली आणि पेरियारांनी ते नाव त्याला चिकटवलं ते कायमचं.)

देवळाच्या चालीरीतीत नादस्वरम आणि त्याच्या साथीचा ढोल तविल, यांच्या ताफ्याला पेरिय मेळम म्हणत, म्हणजे थोरला मेळ; नाचाच्या ताफ्याला चिन्न मेळम, धाकटा मेळ. माझ्या मते या दोघांच्या प्रेमातली अर्धी खुन्नस या थोरल्या-धाकट्याचीच आहे. तिल्लाना म्हणजे आपल्या तराण्याचा दक्षिणेतला भाऊ, नाचाच्या कार्यक्रमात शेवटी यायचा. तो क्रम बसवणारे चार तंजावूर बंधू आपल्या दुसऱ्या सरफोजीराजांच्या दरबारातले, हेही जाता जाता.

आता मुद्दा. पद्मिनी नाचणारी खरी, पण तिचा गळा पी. सुशीलांचा. शिवाजीची बोटं त्याची स्वतःची, पण वाजवणारा श्वास मदुराईच्या एम. पी. एन. सेतुरामन आणि पोन्नुसामी या भावांचा. म्हणजे एकाने गळा उसना घेतलाय, दुसऱ्याने श्वास. पडद्यावरही शिवाजीच्या शेजारी ए. व्ही. एम. राजन दुसरं नादस्वरम घेऊन आहे. कानाला दोन वाद्यं ऐकू येतात आणि डोळ्यालाही दोनच दिसतात, त्यामुळे शंकेला जागा राहत नाही. हे तूही सांभाळ. ध्वनिमुद्रणात सूर धरणारी दुसरी सनई असेल, तर चौकटीत सूर धरणारा माणूस हवाच.

वाद्य समजून घे, कारण सोंग तिथेच उघडं पडतं. नादस्वरम सुमारे अडीच फुटांचं. लाकूड आच्चा नावाच्या झाडाचं, म्हणजे आपला अंजन. त्याला भोकं झाकायच्या किल्ल्या नाहीत. वाजवायची भोकं सात, वरच्या हाताची तीन बोटं आणि खालच्या हाताची चार. त्याखाली आणखी पाच भोकं, ती सूर जुळवण्यासाठी, गरजेप्रमाणे मेणाने बुजवतात. मधले सगळे स्वर भोक अर्धवट उघडून, ओठाच्या दाबाने आणि फुंकेच्या जोराने काढायचे. फुंकायच्या टोकाला बसवलेल्या पत्तीला सीवाळी म्हणतात. ती कोरडी पडली की बोलत नाही, म्हणून जादा पत्त्या दोऱ्याने वाद्यालाच लटकवलेल्या असतात. तुझ्या नटाच्या सनईलाही लटकव. आणि पत्ती तोंडात धरून ओली करण्याची सवय त्याला आधी लाव. दोन गाण्यांच्या मध्ये नुसता बसलेला असतानाही तो वाजवणारा वाटला पाहिजे.

बोटांचं गणित लोक उलटं समजतात. जलद तान सोंगाला सोपी असते, कारण तिथे बोटं चुकली तरी डोळा मोजू शकत नाही. फसवतो तो लांब सूर. सूर स्थिर आणि बोट हललं, की मागच्या रांगेतला माणूसही हसतो. म्हणून तालीम लांब सुरांची घे. ध्वनिमुद्रण ऐकत कागदावर खुणा करून घे : श्वास कुठे घेतलाय, सूर कुठे सुटलाय. नटाने श्वास तिथेच घ्यायचा. शिवाजीचे गाल, मान आणि भुवया बघ. तो फुंकेआधी भरून घेतो आणि तुकडा संपला की रिकामा होतो. नवखे नट दोन-दोन मिनिटं श्वासच घेत नाहीत.

गाल खरे दिसायला हवा खरोखर वाद्यातून गेली पाहिजे. पण पत्ती चांगली असेल तर ती वाजते आणि सेटवर लावलेलं ध्वनिमुद्रण नटाला ऐकूच येत नाही. जुनी, तोंड फाकलेली पत्ती बसव. हवा जाते, आवाज निघत नाही.

तालवाद्याचं सोंग त्याहून कठीण. तविलच्या एका तोंडावर आखूड जाड काठी पडते, दुसऱ्यावर टोप्या घातलेली बोटं. आघात डोळ्याला दिसतो, त्यामुळे दोन चौकटींचा (फ्रेमचा) उशीरही खटकतो. सेकंदाला 24 चौकटी धरल्या तर तो सेकंदाचा बारावा हिस्सा झाला. म्हणून माझ्या लेखी या चित्रपटात शिवाजीपेक्षा तविलवाल्या टी. एस. बालय्यांची परीक्षा जास्त. तुझा संबळवाला मात्र खराच घे, तिथे नट घालू नकोस.

प्रत्येक शॉट समेच्या आधी दोन आवर्तनं गाणं लावून सुरू कर, म्हणजे नट लयीत येऊन पोचतो. आणि कॅमेरा 24 वर असताना संकलनाची टाइमलाइन 23.976 वर ठेवू नकोस. तीन मिनिटांच्या गाण्यात चारेक चौकटींचा फरक पडतो आणि मग सगळे नटाला शिव्या घालतात.

शेवटी ‘नलंदाना’ हे गाणं नक्की बघा. नायकावर विषारी सुरा फेकलेला असतो. तो बरा होऊन परत वाजवायला बसलाय आणि ती भर मैफिलीत नाचता नाचता विचारते, बरा आहेस ना. तिला बोलायला शब्द आहेत, त्याच्या तोंडात नळी. मग उत्तर द्यायचं डोळ्यांनी आणि फुंकेने. इथे बोटांकडे कुणाचं लक्षच जात नाही. तुझ्या पटकथेतही सनईवाल्याला असा एक प्रश्न कुणीतरी विचारू दे, निम्म्या चुका झाकल्या जातील.

तालीम सुरू झाली की सगळ्यात लांब सुराचा तुकडा मोबाइलवर काढून पाठव. आवाज बंद करून बघतो.

तुझा,
माधव