दोनशे रुपये आणि भरताची वांगी

प्रिय ताई,

तुमच्यासमोर बोलायला उभा राहिलो की घसा दाटतो, म्हणून लिहितोय. आणि सगळ्यांनी वाचावं असं उघड लिहितोय. माझी फजिती चारचौघांसमोर झाली होती, मग माझं भलं कुणी केलं तेही चारचौघांना कळू दे.

येत्या पौषात मला धुळ्यातल्या देवपूरच्या घरात, तुम्ही चालवता त्या बेघरांच्या घरात, येऊन वर्ष होईल. त्याआधीचे अकरा महिने मी कुठे कुठे झोपलो ते तुम्हाला माहीत आहे, पण वाचणाऱ्यांना नाही. बावीस वर्षं मी जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या गिरणीत, दिवाणजी होतो. कापसाच्या गाड्यांचं वजन, शेतकऱ्यांच्या पट्ट्या, हमालांची मजुरी, सगळं माझ्या हातच्या वहीत. जिनिंग बंद पडली. पाठोपाठ बायकोचं आजारपण आलं, त्यात घर गेलं, आणि मग तीही गेली. यापेक्षा जास्त लिहवत नाही.

२८ फेब्रुवारी २०११ च्या रात्री जनगणनेवाल्यांनी देशभरात उघड्यावर झोपणारी माणसं मोजली होती. देशात पावणेअठरा लाखांच्या आसपास भरली, आपल्या महाराष्ट्रात दोन लाखांवर. हे मी जिनिंगच्या गादीवर बसून पेपरात वाचलं होतं. आकड्यांचा माणूस, म्हणून आकडा लक्षात राहिला. त्या दोन लाखांतला प्रत्येक जण चपला उशाला घेऊन झोपतो, नाहीतर सकाळी अनवाणी चालावं लागतं, हे तेव्हा कुठे ठाऊक होतं? आधारकार्ड प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून बंडीच्या आतल्या खिशात ठेवावं लागतं. रात्र कशीबशी निघते. दिवस निघत नाही. बाकड्यावर जास्त वेळ बसलं की लोक बघायला लागतात. चहा घेतल्याशिवाय हॉटेलात पाणी मागायची लाज वाटते.

धुळ्याची थंडी तर तुम्ही जाणताच. कृषी महाविद्यालयात पारा मोजतात आणि सहा अंश, साडेपाच अंश अशी बातमी येते. ती बातमी छापलेला पेपर मी एका रात्री अंगाखाली अंथरला होता.

धुळ्याला येण्याआधी एका शहरात मी बेघरांच्या निवाऱ्याच्या दारात गेलो होतो. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियान २०१३ मध्ये सुरू झालं. लाख वस्तीमागे निदान शंभर माणसांचा निवारा, माणशी पन्नास चौरस फूट जागा, असं त्याच्या नियमांत लिहिलेलं होतं. म्हणजे मी भीक मागायला गेलो नव्हतो. दारावरच्या माणसाने माझ्याकडे न बघता सांगितलं, "साहेब सकाळी येतात, सकाळी या." रात्रीचे पावणेअकरा वाजले होते. सकाळी निवारा कशाला लागतो, हे मला आजही कळलेलं नाही.

परक्यांचं तरी काय घेऊन बसायचं! श्रावणात आमच्या भाऊबंदांकडे कानबाई, आम्हा खान्देशातल्यांची देवी, बसली. तिच्या रोटांसाठी, म्हणजे प्रसादासाठी, घराण्यातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू काढतात. मुंबईला असलेल्यांच्या नावाने काढतात, पाळण्यातल्या पोराच्या नावानेही काढतात. मी तेव्हा चार कोसांवर बसस्टँडवर होतो आणि मला कुणी बोलावणं पाठवलं नाही. माझ्या नावाची मूठ निघाली की नाही, हे विचारायचा धीर मला अजून झालेला नाही.

आणि मग तुम्ही. बाकड्याशी उकिडव्या बसून तुम्ही विचारलंत, "तुमनं नाव काय शे, भाऊ?" अकरा महिन्यांत मला कितीतरी जणांनी विचारलं होतं, कुठला रे तू, इथे का झोपलास, दारू पितोस का. नाव कुणी विचारलं नव्हतं. त्यातही माझ्या आईच्या बोलीत, अहिराणीत, विचारलंत. तरीही मी तुमच्यावर विश्वास ठेवला नाही, हे आज कबूल करतो. मला वाटलं, फोटो काढतील, ब्लँकेट देतील आणि जातील. तशी ब्लँकेटं मला तीन मिळाली होती. ती दिवसा ठेवायची कुठे, हे देणाऱ्यांपैकी कुणीच सांगितलं नव्हतं.

तुम्ही घरी नेलंत. भाड्याचं चार खोल्यांचं घर, त्यात आम्ही सहा जण. प्रत्येकाला खाट, खाटेखाली लोखंडी पेटी, स्वयंपाकघर सगळ्यांचं एक. भिंतीवर फळा आणि फळ्यावर कामाच्या पाळ्या. पहिल्या रात्री मी पेटीला पाय टेकवून झोपलो, कुणी नेईल म्हणून. पेटीत होतं काय, तर एक सदरा.

आता ती गोष्ट सांगतो, जिच्यासाठी हे पत्र आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी फळ्यावर ‘भाजी’ या शब्दापुढे माझं नाव होतं. तुम्ही माझ्या हातात कापडी पिशवी दिलीत, एक चिठ्ठी दिलीत आणि दोनशे रुपये दिलेत. दोन शंभराच्या नोटा. म्हणालात, "पाचकंदीलच्या बाजारात जा, भरताची वांगी आणा, दहाच्या आत या, चूल खोळंबेल." एवढंच. आणि तुम्ही पाठ फिरवून कणीक मळायला लागलात.

ताई, जिनिंगमध्ये लाखांची रोकड माझ्या हातातून गेली आहे. पण तेव्हा मी दिवाणजी होतो, माझं घर माहीत होतं, माझा जामीन होता. त्या सकाळी मी कुणीच नव्हतो. बसस्टँड तिथून किती लांब? दोनशे रुपयांत मी कुठल्या कुठे जाऊ शकलो असतो. पूल ओलांडताना पांझरा नदीकडे बघत हा विचार माझ्या मनात येऊन गेला, खोटं कशाला बोलू. पण चूल खोळंबेल म्हणाला होतात ना. माझ्यावाचून काही खोळंबेल, हे ऐकून मला किती दिवस झाले होते!

मी साडेनऊलाच परत आलो. दोन किलो वांगी, पावशेर हिरवी मिरची, कांद्याच्या पातीच्या दोन जुड्या, कोथिंबीर, शेंगदाणे. तीस रुपये उरले, ते ओट्यावर ठेवले. मला वाटलं, तुम्ही म्हणाल, वा, शाब्बास, आणलंत हो. गरिबाशी लोक असंच बोलतात, लहान मुलाशी बोलावं तसं. तुम्ही एक वांगं उचललंत, हातात झोकून बघितलंत आणि कपाळाला आठी घातलीत. "काय भाव लावला?"

"चाळीस."

"चाळीस! तीसला मिळतात. आणि ही जड आहेत, आत नुसतं बी निघेल. भरताला हलकं वांगं बघून घ्यायचं असतं, एवढं कळत नाही? वीस रुपये फुकट घालवलेत. उद्या परत तुम्हीच जा, आणि भाव करा."

मग तीस रुपये मोजलेत, वहीत लिहिलेत आणि वांग्यांना तेल लावायला घेतलंत.

मी मोरीत जाऊन नळ मोठा सोडला. माझी बायको मला असंच रागवायची. घरच्या माणसालाच कुणी वीस रुपयांसाठी रागवतं, पाहुण्याला नाही. तुम्हाला आठवतही नसेल. तुमच्या लेखी ती रोजची सकाळ होती.

त्यानंतर माझे कागद झाले, रेशन लागलं, त्यासाठी तुम्ही किती खेटे घातलेत ते इथे सांगत बसत नाही. घराला पत्ता असतो, पत्त्याने कागद होतात, कागदाने माणूस पुन्हा यादीत येतो. सुरुवातीला नाक मुरडणाऱ्या शेजारच्या काकूंनी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे पुरणपोळ्या पाठवल्या, तेही लिहायला हवं. आमच्या विदर्भातल्या मित्राने खापरावरची एवढी मोठी पोळी पहिल्यांदाच पाहिली. तो ती उचलून उजेडाकडे धरून बघत होता.

माणुसकी माणुसकी म्हणतात, ती मी भाषणांत पुष्कळ ऐकली. गाडगेबाबांनी पंढरपूरला, नाशिकला, आळंदीला धर्मशाळा बांधल्या आणि स्वतःला मात्र एक खोली बांधली नाही, हे शाळेत शिकलो होतो. तुम्हाला त्यांच्या पंक्तीला बसवलेलं आवडणार नाही, म्हणून बसवत नाही. पण शिकलो होतो ते खरं असू शकतं, हे मला देवपूरला पटलं.

वाचणाऱ्यांना एक सांगतो, ताई, रागावू नका. आता घराची वही माझ्याकडे आहे, त्यामुळे मला माहीत आहे. डिसेंबरात आपल्याकडे इतकी ब्लँकेटं येतात की ठेवायला जागा पुरत नाही. एप्रिलात घरभाड्याच्या दिवशी कुणी येत नाही. ऊन पंचेचाळीसवर जातं तेव्हाही छप्पर तेवढंच लागतं, विजेचं बिल जास्त येतं. कुणाला द्यायचं असेल तर दर महिन्याला थोडं द्या, ठरलेल्या तारखेला. शंभर असले तरी चालतील. मी स्वतः माझ्या रखवालीच्या पगारातून तीनशे टाकतो. ते वहीत माझ्या नावावर पडलेले बघायला मला आवडतं.

आज पाळी माझीच होती. वांगी तीसने आणली. हातात झोकून, हलकी बघून.

आपला,
देवपूरच्या घरातला दिवाणजी